पंचगंगेचा भोंगा वाजेलच, हे सिद्ध कसं करायचं? छोट्या यंत्रणेची चाचणी आणि फॉर्मल व्हेरिफिकेशन, पायरीपायरीनं

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळी चहाआधी एकच चौकशी असते: पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात, म्हणून या लेखातलं उदाहरण त्यांच्यावरच बेतलंय.

समजा, प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीसारख्या नदीकाठच्या गावासाठी आपण एक सरावाचं यंत्र करतोय. पुलाखाली लेव्हल सेन्सर, त्याला अर्डुइनो उनोसारखा छोटा बोर्ड, आणि ग्रामपंचायतीच्या छतावर भोंगा. सेन्सर रडार जातीचा धरा. दुकानात सहज मिळणारा स्वस्त अल्ट्रासॉनिक चारेक मीटरपर्यंतच बघतो, नदीला तो पुरणार नाही. सरकारी इशाऱ्याला पर्याय म्हणून हे यंत्र नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला शोभेल एवढाच त्याचा जीव. पण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात भट्टीच्या कूलिंग पाण्याचा इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र अडवणारी अट) पीएलसीवर, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरवर लिहिणाऱ्यालाही याच पायऱ्या जशाच्या तशा लागू पडतात.

आधी नुसत्या चाचणीनं का भागत नाही ते बघू. आपलं फर्मवेअर (बोर्डवर चालणारा प्रोग्रॅम) शेवटची तीन वाचनं घेऊन पातळी ठरवतं. प्रत्येक वाचन १६ बिटांचं, म्हणजे तीन वाचनांच्या जोड्या होतात २ चा ४८ वा घात, सुमारे २८१ लाख कोटी. सेकंदाला दहा लाख चाचण्या चालवल्या तरी ९ वर्षं जवळपास जातील. हा हिशेब एका छोट्या फंक्शनचा झाला. यंत्राची आधीची अवस्था, टायमर, हरवलेले मेसेज यात अजून धरलेलेच नाहीत. चाचणी यातली काही ठिकाणं तपासते. फॉर्मल व्हेरिफिकेशन 'असं एकही ठिकाण नाही' हे गणितानं दाखवायचा प्रयत्न करतं आणि ते जमलं नाही तर नेमकं कुठे फसतं ते ठिकाण हातात देतं.

पायरी १: काय हवंय ते आधी मराठीत लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. 'यंत्र विश्वासार्ह असावं' हे वाक्य कुठलंही साधन तपासू शकत नाही. खरं की खोटं याचा निकाल लागेल अशी वाक्यं हवीत. राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांकडे बघा: धरण पूर्ण भरलं की दरवाजा उघडणार, पाणी उतरलं की मिटणार. सात दरवाजे, प्रत्येकातून १४२८ क्युसेक. एका ओळीत मावणारी अट, आणि ती पाळली गेली की नाही हे काठावर उभा असलेला माणूसही सांगू शकतो.

आपल्या भोंग्यासाठी मिलिमीटरमध्ये हिशेब धरू. ३९ फूट म्हणजे ११८८७, ४३ फूट म्हणजे १३१०६, आणि साडेबेचाळीस फूट म्हणजे १२९५४. अपूर्णांक खालच्या बाजूला सोडलाय, म्हणजे चूक झालीच तर भोंगा लवकर वाजण्याच्या बाजूनं होईल. तीन वाचनांवरून जी पातळी निघते तिला 'हिशेबी पातळी' म्हणू. अटी अशा:

अट १: हिशेबी पातळी १३१०६ किंवा जास्त झाली, की प्रोग्रॅमच्या लूपच्या त्याच फेरीत अवस्था 'धोका' होईल आणि भोंगा वाजेल.
अट २: एकदा 'धोका' लागला, की हिशेबी पातळी १२९५४ च्या खाली गेल्याशिवाय भोंगा थांबणार नाही. लाटांमुळे ४३ फुटांवर चालू-बंद होत राहू नये म्हणून ही अर्ध्या फुटाची फट ठेवली आहे.
अट ३: सलग पाच वाचनं निकामी आली तर अवस्था 'बिघाड' होईल.
अट ४: कुठल्याही इनपुटला कुठलीही बेरीज-वजाबाकी व्हेरिएबलच्या मर्यादेबाहेर जाणार नाही.
अट ५: पाणी धोक्याच्या वर टिकून राहिलं, तर गावातला भोंगा कधी ना कधी वाजेलच.

पहिल्या चार अटी 'अमुक वाईट कधीच घडणार नाही' या जातीच्या आहेत. त्यांना सेफ्टी म्हणतात. पाचवी 'अमुक चांगलं कधीतरी घडेलच' अशी, म्हणजे लाइव्हनेस. काळाबद्दलची अशी वाक्यं तर्कशास्त्रात मांडून प्रोग्रॅम तपासायची वाट आमिर प्नुएली यांनी १९७७ मध्ये दाखवली. दोन्ही जातींना बऱ्याचदा वेगवेगळी साधनं लागतात, म्हणून हा भेद आत्ताच करून ठेवा.

पायरी २: अवस्थांचा तक्ता

चार अवस्था: नेहमीची, इशारा, धोका, बिघाड. उभ्या ओळीत अवस्था आणि आडव्या ओळीत घटना (पातळी वाढली, उतरली, वाचन निकामी, वीज जाऊन आली) असा तक्ता करा आणि एकही चौकोन रिकामा ठेवू नका. 'हे होणारच नाही' असं वाटतं तिथेही काय करायचं ते लिहा. वीज जाऊन आल्यावर यंत्र कुठल्या अवस्थेत उठतं, हा चौकोन हमखास रिकामा सापडतो. आणि पुरात वीज जातेच.

पायरी ३: साध्या चाचण्या, पण नीट

फॉर्मल साधन आलं म्हणून चाचण्या सोडायच्या नसतात. स्वस्त बग स्वस्तात पकडा. प्रत्येक सीमेवर तीन आकडे घ्या: १३१०५, १३१०६, १३१०७. तसंच ११८८७ आणि १२९५४ च्या आजूबाजूला. शून्य, ऋण, आणि सेन्सर देऊ शकेल तो सगळ्यात मोठा आकडाही घ्या. मग पायथनमधलं हायपोथिसिस वापरून प्रॉपर्टी-बेस्ड चाचणी लिहा. इथे आपण उदाहरणं देत नाही, अट देतो. लायब्ररी स्वतः शेकडो इनपुट बनवते आणि मोडणारं सापडलं की ते लहान करत करत सगळ्यात साधं उदाहरण दाखवते. हे तंत्र हॅस्केल भाषेतल्या क्विकचेकपासून सुरू झालं.

टायमरची चाचणी वेगळी लिहा. अर्डुइनोचा मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. जूनच्या सुरुवातीला लावलेलं यंत्र सप्टेंबरअखेर चालायचं तर ते दोनदा होणार, आणि पहिली वेळ ऐन जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. 'आत्ताची वेळ वजा मागची वेळ' अशी अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेल्या आकड्यांची) वजाबाकी केली असेल तर काही बिघडत नाही. 'मागची वेळ अधिक मिनिट' काढून तुलना केली असेल तर बिघडतं. चाचणीत काउंटर मुद्दाम शेवटाजवळ नेऊन ठेवा. बोइंग ७८७ च्या जनरेटर कंट्रोल युनिटमध्ये असाच काउंटर सलग २४८ दिवसांनी ओसंडत होता, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाला त्यावर आदेश काढावा लागला.

पायरी ४: सी कोडवर सीबीएमसी

आता मुख्य भाग. सीबीएमसी हे सी प्रोग्रॅमसाठीचं मोफत बाउंडेड मॉडेल चेकर, म्हणजे ठरावीक पावलांपर्यंतच्या सगळ्या शक्यता तपासणारं साधन आहे. उबुंटूच्या पॅकेजमध्ये मिळतं, कॉलेजच्या लॅबमधल्या साध्या पीसीवर चालतं. ते कोड चालवत नाही. कोड आणि अट मिळून एक भलंमोठं तार्किक समीकरण बनवतं आणि सॅट सॉल्व्हरला (अशी समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारतं: अट मोडेल असं एखादं इनपुट आहे का?

एक छोटं हार्नेस, म्हणजे फक्त तपासणीसाठीचं फंक्शन लिहा. त्यात तीन गोष्टी येतात. तिन्ही वाचनं 'काहीही असू शकतील' अशी जाहीर करायची (साधनाच्या भाषेत नॉनडेट). मग अझ्यूम लिहून सेन्सरची खरी मर्यादा सांगायची, समजा ० ते १८००० मिमी. शेवटी फंक्शन बोलावून त्याखाली असर्ट म्हणून अट लिहायची. चालवताना दोन पर्याय विसरू नका: साइन्ड ओव्हरफ्लोची (ऋण-धन आकडा मर्यादेबाहेर जाण्याची) तपासणी चालू करणं, आणि इंटिजर १६ बिटांचा आहे हे सांगणं. दुसरा पर्याय का, ते लगेच कळेल.

बहुतेक जण पहिल्या फटक्यात तीन वाचनांची बेरीज करून तीननं भागतात. सीबीएमसीला हे कोड दिलं की ते काउंटरएक्झाम्पल, म्हणजे अट मोडणारं उदाहरण देईल. समजा, तिन्ही वाचनं १०९२३. त्यांची बेरीज ३२७६९, आणि १६ बिटांच्या साइन्ड इंटिजरची मर्यादा ३२७६७. म्हणजे पाणी ३५ फूट १० इंचांपर्यंत असेतो सगळं सुरळीत, आणि त्यावर एक मिलिमीटर चढलं की हिशेब कोसळला. बरोबर ४३ फुटांवर बेरीज ३९३१८ व्हायला हवी. बोर्डवर ती गुंडाळून उणे २६२१८ होते आणि सरासरी निघते उणे ८७३९ मिमी. यंत्राच्या मते नदी कोरडी, भोंगा गप्प.

हा बग चाचणीत का निसटतो ते बघा. मे महिन्यात पुलावर जाऊन तपासलंत तर पाणी खाली असतं, यंत्र अचूक चालतं. लॅपटॉपवर युनिट टेस्ट चालवलीत तर तिथे इंटिजर ३२ बिटांचा, त्यामुळे ४३ फुटांची टेस्टही पास होते. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आतच नष्ट झालं त्याचं मूळही याच घराण्यातलं: ६४ बिटांचा फ्लोटिंग आकडा १६ बिटांच्या इंटिजरमध्ये कोंबला गेला. तो कोड एरियान ४ वरून उचललेला होता आणि तिथे त्या आकड्यानं कधी मर्यादा ओलांडली नव्हती.

दुरुस्ती म्हणून बेरजेसाठी ३२ बिट वापरता येतील. पण मी सरासरीच काढून टाकेन आणि तीनपैकी मधला आकडा घेईन. सेन्सरखालून ओंडका वाहत गेला तर एक वाचन वेडंवाकडं येतं. सरासरी त्यानं हलते, मधला आकडा सहसा हलत नाही. शिवाय मधला आकडा काढायला बेरीजच लागत नाही, तुलना पुरते. नव्या कोडसाठी नवी असर्शनही सोपी आहे: तीनपैकी दोन वाचनं १३१०६ किंवा जास्त असतील तर उत्तरही १३१०६ किंवा जास्तच असलं पाहिजे.

एक पाऊल पुढे जाऊ. यंत्र महिनोन् महिने फिरत राहणार, मग 'बाउंडेड' तपासणी पुरेल कशी? युक्ती अशी: सुरुवातीच्या अवस्थेपासून हजार फेऱ्या उलगडायच्या नाहीत. यंत्राची अवस्थाच 'काहीही' धरायची, फक्त ती वैध असली पाहिजे (चारपैकी एक अवस्था, निकामी वाचनांचा काउंटर ० ते ५), आणि एकच फेरी चालवायची. फेरीनंतर अटी पाळल्या गेल्या आणि अवस्था पुन्हा वैध राहिली, तर कॉलेजात शिकलेल्या गणिती विगमनानं (इंडक्शननं) ती हजाराव्या फेरीलाही पाळली जाईल. आरंभीची अवस्था वैध आहे एवढं वेगळं तपासलं की झालं.

असं केल्यावर आणखी एक काउंटरएक्झाम्पल निघतं, आणि मला हे पहिल्यापेक्षा मोलाचं वाटतं. अवस्था 'धोका', निकामी काउंटर ४, नवीन वाचन निकामी. अट ३ म्हणते 'बिघाड'मध्ये जा. अट २ म्हणते पातळी १२९५४ च्या खाली आल्याशिवाय भोंगा थांबवू नका. कोड अट ३ पाळतं, 'धोका' सोडतं आणि भोंगा बंद करतं. इथे कोड चुकलेलं नाही, आपल्या दोन अटीच एकमेकींशी भांडताहेत. हा प्रसंग दुर्मीळ आहे असंही समजू नका. वरून पाण्याकडे बघणाऱ्या अशा लेव्हल सेन्सरला त्याच्या तोंडाजवळ काही अंतर 'आंधळं' असतं. पाणी तिथवर चढलं की वाचनं निकामी येऊ लागतात. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. सेन्सर पुरेसा उंच बसवला नसेल तर भोंगा नेमका तेव्हाच बंद पडेल.

उपाय तक्त्यात करायचा: 'बिघाड' ही चौथी अवस्था काढून टाका आणि तो स्वतंत्र झेंडा करा. भोंगा फक्त 'धोका' या अवस्थेवर चालेल. बिघाडाचा झेंडा वर गेला तर जबाबदार माणसाच्या मोबाइलवर वेगळा मेसेज जाईल. मग पायरी १ मधली अट ३ नव्यानं लिहा आणि सगळं पुन्हा चालवा.

पायरी ५: 'पास' आलं तर लगेच खूश होऊ नका

सीबीएमसीनं सगळं हिरवं दाखवलं, याचा एक अर्थ असा असू शकतो की तुम्ही तपासलंच काही नाही. अझ्यूममध्ये 'पातळी १३१०६ पेक्षा कमी' आणि पुढे 'पातळी १३१०६ किंवा जास्त' असं नकळत लिहिलं गेलं, तर असं इनपुटच उरत नाही आणि प्रत्येक अट आपोआप खरी ठरते. पकडायची पद्धत सोपी: हार्नेसच्या शेवटी मुद्दाम खोटं असर्शन टाका. ते फेल झालं पाहिजे. नाही झालं, तर अझ्यूम तपासा.

दुसरी परीक्षा: कोड मुद्दाम बिघडवा. 'किंवा जास्त' चं नुसतं 'जास्त' करा, काउंटर पाचऐवजी सहा करा, मधल्या आकड्याऐवजी पहिला आकडा परत द्या. प्रत्येक बिघाडाला कुठली ना कुठली अट मोडली पाहिजे. एखादा बिघाड पचला, तर तुमच्या अटींमध्ये तेवढं भोक आहे.

पायरी ६: हार्डवेअरकडे

भोंग्याचा रिले थेट बोर्डवर न ठेवता छोट्या एफपीजीएतल्या (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशा चिपमधल्या) वॉचडॉगमार्फत, म्हणजे प्रोसेसर अडकला तर त्याला रीसेट करणाऱ्या सर्किटमार्फत चालवायचा असेल, तर व्हेरिलॉग या सर्किट लिहायच्या भाषेसाठी सिम्बियोसिस हे मोफत साधन योसिसच्या जोडीनं वापरा. अट अशी: प्रोसेसरकडून ठरलेल्या क्लॉकमध्ये पल्स आला नाही तर रीसेट लाइन वर जाईल.

आधी बाउंडेड मोड चालवा, मग विगमनानं सिद्ध करणारा प्रूव्ह मोड. प्रूव्ह मोडमध्ये नवख्यांना एक गोष्ट छळते. समजा काउंटर चार बिटांचा आहे आणि ९ वर थांबतो. विगमन तपासताना साधन काउंटर १२ धरून सुरू करतं आणि अट मोडून दाखवतं. १२ ही स्थिती प्रत्यक्षात येतच नाही, पण साधनाला ते माहीत नसतं. 'काउंटर कधीच ९ च्या वर नसतो' असं असर्शन जोडा, की सिद्धता पुढे सरकते. आणि काउंटर २४ बिटांचा असेल तर तपासणीपुरता त्याला पॅरामीटरनं लहान करा, नाहीतर बाउंडेड मोड टोकापर्यंत पोचणारच नाही.

चिप एकदा बनली की पॅच मारता येत नाही, म्हणून हार्डवेअरवाल्यांनी हे आधी मनावर घेतलं. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांनी पेंटियमच्या भागाकारातली चूक उघड केली. भागाकाराच्या तक्त्यातल्या पाच नोंदी गळाल्या होत्या. इंटेलला ती ४७.५ कोटी डॉलरला पडली, आणि त्यानंतर गणिती युनिट फॉर्मली तपासणं तिथे रुळलं.

पायरी ७: मेसेज हरवतात, उशिरा येतात, उलटे येतात

अट ५ कोडच्या एका फंक्शनमध्ये राहत नाही. पुलावरचं यंत्र आणि गावातला भोंगा यांच्या संवादात ती राहते. इथे जेरार्ड होल्झमन यांचं स्पिन किंवा लेस्ली लॅम्पोर्ट यांचं टीएलए प्लस वापरा. दोन्ही मोफत. कोड नव्हे, आराखडा लिहायचा: दोन प्रक्रिया आणि मधली वाहिनी. वाहिनीला मेसेज गिळायची, दुप्पट करायची, क्रम उलटवायची मुभा द्या. मेसेज एसएमएसनं जात असतील, तर ते पोचण्याच्या क्रमाची हमी नसतेच.

पहिला बग दोन मिनिटांत निघेल: 'धोका टळला' हा जुना मेसेज नव्या 'धोका' नंतर पोचला आणि भोंगा बंद झाला. म्हणून तुम्ही मेसेजला क्रमांक द्याल आणि जुना क्रमांक आला तर दुर्लक्ष कराल. मग दुसरा बग: बॅटरी बदलल्यावर यंत्राचा क्रमांक पुन्हा शून्यावर, आणि गावाकडची बाजू सगळे नवे मेसेज 'जुने' म्हणून फेकत बसते. क्रमांक ईईपीरॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) टिकवा, किंवा सुरू होताना नव्यानं ओळख करून घ्या. आणखी एक अट घाला: ठरावीक वेळ मेसेजच आला नाही तर गावाकडच्या बाजूनं ते स्वतः ओळखून कळवलं पाहिजे, कारण यंत्रच वाहून गेलं तर ते काही कळवणार नाही.

क्रमांक आराखड्यात ० ते ३ एवढेच ठेवा. मोठे ठेवलेत तर अवस्थांची संख्या फुगून मेमरी संपते. अट ५ साठी 'काही ना काही मेसेज कधीतरी पोचतोच' हे फेअरनेसचं गृहीत लिहावं लागेल. सगळेच मेसेज कायम हरवणार असतील तर कुठलाही आराखडा भोंगा वाजवू शकत नाही. एवढ्या उठाठेवीचं फळ काय, तर ॲमेझॉनच्या डायनमोडीबी या डेटाबेसमध्ये टीएलए प्लसनं पकडलेल्या एका बगची सगळ्यात छोटी वाट ३५ पावलांची होती. कुठला टेस्टर हातानं तिथे पोचणार?

पायरी ८: काय गृहीत धरलं त्याची यादी, आणि प्रत्यक्ष जागा

सिद्धता गृहीतांवर उभी असते. सेन्सरची मर्यादा, कंपायलर बरोबर आहे, रिलेचा संपर्क गंजलेला नाही, बॅटरीत जोर आहे. एसईएल४ हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा २००९ मध्ये साधारण ८७०० ओळींच्या सी कोडसह सिद्ध केला गेला, तिथेही काय गृहीत आहे हे त्या चमूनं स्पष्ट लिहून ठेवलं. तसंच करा. मग यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर ती प्रत्यक्ष कशी तपासणार ते लिहा: सेन्सरखाली मोजपट्टी आणि पत्रा धरून, बॅटरी अर्धी उतरवून, अँटेना काढून, भोंगा गावाच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू येतो का ते चालत जाऊन.

शिवाय सॉफ्टवेअरला अजिबात न विचारणारा एक फ्लोट स्विच (पाण्यानं तरंगून चालू होणारा) ४३ फुटांच्या जरा वर लावा आणि तो थेट भोंग्याच्या सर्किटला जोडा. थेराक-२५ या रेडिएशन यंत्रातून आधीच्या मॉडेलमधले हार्डवेअर इंटरलॉक काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली होती. १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा झाला. त्यातल्या एका बगमध्ये आठ बिटांचा काउंटर दर २५६ व्या वेळी शून्य होऊन सुरक्षेची तपासणीच वगळत होता.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. हार्नेस, अटी आणि आराखडा कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवा आणि प्रत्येक बदलाला ते आपोआप चालू द्या. ॲमेझॉनच्या फ्रीआरटीओएस या छोट्या बोर्डांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडसोबत सीबीएमसीचे पुरावे असेच ठेवलेले आहेत, नमुना म्हणून उघडून बघता येतात. सेन्सर बदलला, पूल बदलला किंवा बोर्ड ३२ बिटांचा घेतला, तर अझ्यूमच्या ओळी आधी बदला आणि मगच कोड.